परगावची न्याहारी आणि खानावळीचे ताट



वसंत व्याख्यानमालेत आजवर वेदान्त झाला, इतिहास झाला, अर्थकारण झाले. आज आम्ही न्याहारीवर आणि खानावळीच्या ताटावर बोलणार आहोत. विषय ऐकून काहींनी मान हलवली असेल. चळवळीतला माणूस पगारावर बोलेल, बोनसवर बोलेल. हा मिसळ-पोह्यांवर काय बोलणार? पण ‘आधी पोटोबा मग विठोबा’ ही म्हण ज्या जनतेने केली, ती जनता अडाणी नव्हती. माणूस परगावी उतरला की पहिला प्रश्न पोटाचा पडतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणी कोणाला कसे दिले, यात त्या गावाचा सारा समाज दिसतो.

महाड आणि पोलादपूर हे तर बोलूनचालून वाटेवरचे तालुके. महाडात उतरून लोक रायगडाकडे जातात. पोलादपुरास एक वाट कशेडीकडे, कोकणात उतरते, आणि दुसरी आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढते. आणि येथली माणसे? ती पिढ्यान् पिढ्या पोटासाठी मुंबईस गेली. म्हणजे परक्याला जेवू घालणे आणि परक्या गावात जाऊन जेवणे, ही दोन्ही कामे आपल्या रक्तातली. तेव्हा या विषयावर बोलण्याचा हक्क आपल्याला इतरांपेक्षा काकणभर अधिकच आहे.

प्रथम आनंदाची गोष्ट सांगू. भांडणाची मागाहून येईलच.

नव्या शहरात सकाळी उठावे आणि गावातल्या माणसांच्या मागोमाग न्याहारीला जावे, यासारखे स्वस्त आणि मोठे सुख दुसरे नाही. अधिवेशनांच्या आणि कोर्टकचेऱ्यांच्या निमित्ताने आम्हाला पुष्कळ गावे पाहावी लागली. त्यात एक साधा नियम हाती आला. झगमगीत पाटी पाहू नये. सकाळी आठ वाजता टेंपोवाला, शाळामास्तर आणि बँकेतला शिपाई हे तिघे एकाच बाकावर कोठे बसले आहेत ते पाहावे. तेथे आत शिरावे. मागताना आपल्या गावचा पदार्थ मागू नये, त्या गावचा मागावा. आणि त्या गावच्या शब्दातच मागावा.

कारण शब्दाशब्दांत फरक आहे. एकच मिसळ घ्या. पुण्यात रस्सा जास्ती हवा तर ‘सँपल’ म्हणावे लागते. कोल्हापुरात त्यालाच ‘कट’ म्हणतात आणि सोबत पावाऐवजी स्लाइस येते. नाशकात मिसळीबरोबर पापड असायचाच. नागपुरास पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा घालतात, त्याचे नाव ‘तर्री’. तेच पोहे इंदुरात गेले की त्यांच्या शेजारी जिलेबी येऊन बसते, आणि आपल्याला वाटते की ही काय सोयरीक! पण दोन घास खाल्ले की सोयरीक पटते. मराठवाड्यात चुरमुरे भिजवून फोडणीस टाकतात, त्याला ‘सुशीला’ हे किती गोड नाव. अमरावतीस ‘गिला वडा’ मिळतो. खानदेशात शेवेची भाजी जेवणात येते. भाजी नसेल त्या दिवशी डब्यातली शेव उपयोगी पाडणाऱ्या गृहिणीची अक्कल तीत दिसते. गोव्यात सकाळी पातळ भाजी आणि पाव खाऊन माणूस कामावर जातो, आणि सणाला पाच-दहा भाज्यांचे खतखते रांधतात.

यांतला एकही पदार्थ राजवाड्यातून आलेला नाही. मोड आलेली मटकी, हरभरा, पोहे, चुरमुरे, बेसन, पाव, हे सगळे कष्टकऱ्याच्या परवडीचे सामान. स्वस्त, लवकर होणारे, पोटाला धरून राहणारे. पाळीवर जाणाऱ्या माणसाला दुपारच्या सुटीपर्यंत उभे ठेवील, अशी ही न्याहारी आहे. ती चवदार आहे याचे श्रेय त्या त्या गावच्या बायाबापड्यांच्या आणि भटाऱ्यांच्या हाताला आहे.

मुंबईची गोष्ट जरा सावकाश सांगितली पाहिजे, कारण आपले अर्धे अधिक लोक तेथेच जेवले.

मुंबईत परक्या माणसाला जेवू घालणारी तीन घरे झाली. पहिले इराण्याचे. इराणातून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही दुकाने घातली. धोबीतलावचे क्यानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बनमस्का, ब्रून, खारी आणि दुधाळ चहा. एका चहावर तासभर पेपर वाचीत बसले तरी इराणी उठवीत नसे. वेटर पैशाचा आकडा गल्ल्याकडे ओरडून सांगे, तेच बिल. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार घेत नसत आणि इराणी ती खुशाल घेत, असे जुने लोक सांगतात. खरे-खोटे काही असो. दोन रस्त्यांची माणसे त्या कोपऱ्यात एक होत, एवढे मात्र खरे.

दुसरे घर उडप्याचे. दक्षिण कानड्यातून पोरवयात आलेली माणसे आधी कपबशा विसळीत, मग वेटर होत, मग गल्ल्यावर बसत, आणि एखादा स्वतःचे हॉटेल काढी. इडली, डोसा, उपमा हे शब्द मराठी घरांत या माणसांनी आणले. माटुंग्याचे रामा नायकांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालापासूनचे. केळीच्या पानावर साधे शाकाहारी जेवण, पोट भरेपर्यंत. महायुद्धाचा आणि रेशनचा तो काळ. त्या काळात एकट्या माणसाला भरपेट ताट मिळणे म्हणजे काय, ते ज्याने भूक पाहिली त्यालाच समजेल. पुण्यातही तोच प्रकार. लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस नानासाहेब सरपोतदारांनी १९३५ साली काढले. ते मूळचे चित्रपटांच्या धंद्यातले.

तिसरे घर आपले, म्हणजे गिरणगावातली खानावळ. तिला पाटी नव्हती. लालबाग, परळ, वरळी, शिवडीच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, हीच खानावळ. कोकणातून, घाटावरून आलेला गडी गावकीच्या खोलीत राही, बायकापोरे गावी. एका खोलीत पाळीपाळीने माणसे झोपत. ट्रंक आणि वळकटी एवढाच संसार. त्याचे जेवण शेजारच्या एखाद्या बाईकडे महिनेवारीने. बाईचा नवरा बहुधा गिरणीतच. ती पहाटे चारला स्टोव्ह पेटवी, पहिल्या पाळीचे डबे भरी, दुपारपाळीचे ताट वाढी, रात्रपाळीचे झाकून ठेवी. पगार झाला की पैसे. पगार लांबला की उधारी. मुंबईतली गिरणी ही भांडवलदाराच्या पैशावर चालली असे पुस्तकात लिहितात. आम्ही म्हणतो, ती त्या बाईच्या उधारीवरही चालली. तिचे नाव मात्र कोणत्याही ताळेबंदात नाही.

ते नाव प्रथम मोठ्याने घेतले ते प्रेमा पुरव यांनी. कामगार चळवळीत वावरलेल्या या बाईंनी १९७५ साली या खानावळवाल्या स्त्रियांची संघटना बांधली, तीच अन्नपूर्णा महिला मंडळ. सावकाराचे व्याज या बायांच्या मानगुटीवर बसले होते. बँका १९६९ साली राष्ट्राच्या झाल्या होत्या; पण चाळीतली बाई बँकेच्या पायरीवर उभी राहिली तर तिला तारण विचारणार. तारण काय देणार? पोळपाट-लाटणे? अन्नपूर्णाने बायांचे गट केले, एकीने दुसरीची हमी घेतली आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. घेतलेले कर्ज बायांनी फेडले. संघटना म्हणजे लाल झेंडा आणि गेटसभा एवढेच ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाचे राजकारण पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही इतकेच म्हणतो की, गडी गावी परतले, ताटे रिकामी झाली, आणि संपात ज्यांचे नावही नव्हते अशा त्या बायांचीही चूल विझली. महाड-पोलादपूरच्या किती वाड्यांत त्या वर्षी परतलेली माणसे आली, हे या सभेतल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

आता भांडणाच्या गोष्टीकडे येऊ.

कोणी म्हणेल, परगावी हॉटेलात जाऊन खाणे यात विशेष काय? खिशात पैसा असला की झाले. बंधूंनो, हे ‘झाले’ फार उशिरा झाले. या देशात खिशातला पैसा पुरत नसे. जातही दाखवावी लागे.

१८९० सालची पुण्याची हकीकत पाहा. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर पाद्र्यांनी चहा-बिस्किटे पुढे ठेवली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. नावे वर्तमानपत्रात छापून आली, आणि सनातन्यांनी गहजब केला. ग्रामण्य झाले, चौकशी झाली, मोठमोठ्यांना प्रायश्चित्ताची भाषा ऐकावी लागली. एक कप चहा! रानडे-टिळकांची ही गत. मग गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय होत असेल? त्याला चहा मिळे तो दुकानाबाहेर, वेगळ्या कपात, आणि कप त्यानेच विसळून ठेवायचा.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी यावर एक उपाय केला तो कोणत्याही ग्रंथाइतका मोलाचा आहे. सरकारी पागेतल्या गंगाराम कांबळे या नोकराला हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांनी त्याला चहाचे हॉटेल काढून दिले. गंगारामाच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा मागवू लागले, आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. राजा पितो म्हटल्यावर मानकरी नाही कसे म्हणणार? व्याख्यान देऊन जे झाले नसते ते एका बशीने झाले.

पण राजाच्या कृपेने मिळालेला चहा एका हॉटेलापुरता असतो. हक्काने मिळालेले पाणी साऱ्यांसाठी असते. ती लढाई आपल्या या महाडात झाली.

सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की, सरकारी पैशावर चालणारी पाणवठे, धर्मशाळा यांसारखी सार्वजनिक स्थळे अस्पृश्यांना मोकळी असावीत. सुरबानाना टिपणिसांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. पण ते कागदावर. बाजाराला आलेल्या महार माणसाला महाडात घोटभर पाणी मिळत नव्हते. दासगावच्या बाजूचे रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या खटपटीने महाडात एक छोटे चहाचे दुकान निघाले. त्यात आपल्या माणसांना पाणी मिळावे हा हेतू. खेड्यापाड्यांतून बाजाराला येणारी माणसे तेथे टेकू लागली, बोलू लागली. पुढे जी परिषद भरली तिच्यामागे मोरे होते. हेच मोरे नंतर मुंबईत कामगार चळवळीतले कम्युनिस्ट कार्यकर्ते झाले. इतिहासात तळ्याचे नाव मोठे झाले, ते योग्यच आहे. पण त्याच्या आधीच्या त्या चहाच्या दुकानाची आठवण महाडकरांनी ठेवायला हवी.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद येथे भरली. परिषदेसाठी पाणी विकत आणावे लागले, ते चाळीस रुपयांचे. तळे भरलेले, आणि पाणी विकत! २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मागोमाग हजारो प्याले. मग अफवा उठली की आता ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव चालून आला. मंडपात कित्येक जण जेवायला बसले होते. त्यांच्यावर लाठ्या पडल्या, अन्न मातीत तुडवले गेले. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची तर जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

या साऱ्याचा न्याहारीशी संबंध काय? राज्यघटनेचे पंधरावे कलम उघडा. त्याचे दुसरे उपकलम सांगते की, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कोणत्याही कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यास मज्जाव करता येणार नाही. आणि लगेच पुढे विहिरी, तलाव, स्नानाचे घाट येतात. म्हणजे हॉटेलातला बाक आणि महाडचे तळे एकाच उपकलमात शेजारी बसले आहेत. पुढे १९५५ च्या कायद्याने हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. आज आपण कोणत्याही शहरात उतरून, नाव-गाव न सांगता, ‘एक मिसळ, एक चहा’ म्हणतो. तो आवाज एवढा बिनघोर निघतो, कारण त्यासाठी या गावच्या मंडपात माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत.

येथे एक शंका कोणी काढील. ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीचे काय? आमचे मत असे आहे. शाकाहारी ताटात एक मोठा गुण आहे: त्याच्यासमोर हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन, ख्रिस्ती सारे बिनशंक बसू शकतात. कामगारांच्या परिषदेत आम्ही नेहमी शाकाहारी पंगत ठेवतो ती यासाठीच. भाताबरोबर आमटी, भाजी, कोशिंबीर, कोणाची अडचण नाही. पण ‘शाकाहारी’ हा पदार्थांचा हिशेब आहे आणि ‘शुद्ध’ हा जुन्या सोवळ्याचा शब्द आहे. पदार्थ काय आहेत ते पाटीवर लिहावे. माणसे कशी आहेत ते ठरवू नये. हॉटेलात डाळ खाल्ली म्हणून कोणी वरचा होत नाही, आणि घरी सुकट खाल्ली म्हणून कोणी खालचा होत नाही. कोकणातल्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये.

दुसरी गोष्ट टेबलाच्या पलीकडची. आपण बसून खातो तेव्हा कोणीतरी उभा असतो. फडका मारणारा पोऱ्या, भटारखान्यातला भटारी, कपबशा विसळणारा, आणि किटली घेऊन कचेऱ्यांतून फिरणारा ‘बाहेरवाला’. यांचे दिवसाचे तास कोणी मोजले? मुंबईत या कामगारांची संघटना करणाऱ्यांत जॉर्ज फर्नांडिस होते. कानडी मंडळींनी हॉटेलातल्या पोरांसाठी रात्रशाळा चालवल्या. दिवसभर टेबल पुसून रात्री पाटी-पेन्सिल धरणारी ती पोरे कितीतरी पुढे गेली. स्वतः वाचायला शिकलेल्या माणसाला त्या शाळांची किंमत अधिक कळते. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत, ढाब्यांवर, टपऱ्यांवर कामाला ठेवणे कायद्याने बंद झाले. २०१६ च्या दुरुस्तीने सर्वच धंद्यांत बंदी आली. कायदा झाला. आता चहा आणून देणाऱ्या मुलाचे वय पाहणे हे गिऱ्हाइकाचे काम आहे. बाळ, तू शाळेत का नाहीस, एवढे विचारायला इन्स्पेक्टर असावे लागत नाही.

आणि हॉटेल कामगारांच्या मालकीचे होऊ शकते का? झाले आहे. कॉफी बोर्डाची कॉफी हाउसे बंद होऊ लागली, माणसे बेकार होऊ लागली, तेव्हा ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितले की, तुम्ही सहकारी संस्था काढा आणि दुकाने तुम्हीच चालवा. १९५७ साली बंगलोरला पहिली संस्था झाली आणि त्याच वर्षी दिल्लीत त्यांचे पहिले इंडियन कॉफी हाउस उघडले. पुढच्या वर्षी केरळात. तेथल्या तुरेवाल्या फेट्यातल्या वेटरला हाक मारताना माणसाला भान राहते की, हा नोकर नाही, हा भागीदार आहे. चहा-कॉफीला त्यामुळे कमी चव येते असे आम्हाला तरी कोठे आढळले नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. आजवर आपण ‘नवे शहर’ म्हणजे मुंबई-पुणे धरले. पण बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा, झारखंड येथून महाडच्या औद्योगिक वसाहतीत जो पोरगा कामाला येतो, त्याचे नवे शहर कोणते? महाड! आपले बापजादे परळला जसे एका खोलीत दाटीवाटीने राहिले, तसाच तो येथे राहतो. त्याला आमटी-भात गोड वाटत नाही, जसे आपल्या आजोबांना पहिल्या दिवशी इराण्याचा ब्रून कडक वाटला. त्याच्यासाठी आपल्याकडे कोणती खानावळवाली बाई पहाटे चारला उठते? आणि उठत असेल, तर तिच्यामागे कोणती अन्नपूर्णा उभी आहे?

कारखान्यातल्या उपाहारगृहाचाही प्रश्न येथेच येतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६ व्या कलमाने २५० हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह सक्तीचे करता येत होते. आणि त्याच्या व्यवस्थापक समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद होती. पण २५० चा आकडा गाठणारे कारखाने किती? आणि कंत्राटी माणूस पटावर धरलाच नाही की आकडा आपोआप खाली. २०२० च्या नव्या संहितेत हा आकडा १०० केला आहे आणि कंत्राटी कामगार त्यात धरले आहेत. त्या संहितेतल्या पुष्कळ गोष्टींशी आमचे भांडण आहे आणि ते आम्ही भांडतच राहू. परंतु हे एक कलम आमच्या उपयोगाचे आहे, आणि ते पदरात पाडून घेणे न घेणे आपल्या एकजुटीवर आहे. उपाहारगृहाची समिती ही किरकोळ बाब समजून कोणी तिच्या निवडणुकीला उभे राहत नाही. आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सांगतो, पगाराच्या करारापूर्वी डाळीच्या पातेल्यापाशी उभे राहायला शिका. तेथे माणसे ओळखीची होतात.

सरकारनेही अधूनमधून या बाबतीत हात लावला आहे. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीच्या काळात तिची किंमत पाच रुपयांवर आणली आणि पुढे काही काळ ती फुकटही दिली. हातावर पोट असलेल्या माणसाला त्या दिवसांत ती थाळी काय होती, हे त्यालाच विचारावे. स्वस्त ताटाची योजना सरकार बदलले की डळमळते, हा मात्र अनुभव. म्हणून आम्ही म्हणतो की, सरकारी थाळी हवीच. पण तिच्या पाठीमागे गावाची, सहकाराची, संघटनेची चूल हवी.

हे गाव उपाशी राहण्याचा अर्थ जाणते. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही माणसे गाडली गेली. ज्यांच्या घरी कोठ्या भरलेल्या होत्या तेही त्या दिवशी आयत्या पाकिटातल्या जेवणाकडे डोळे लावून बसले. बाहेरगावांहून अन्न आले. ते बांधणाऱ्या हातांची जात कोणी विचारली नाही, आणि खाणाऱ्यांनीही विचारली नाही. पुरात जे जमले ते उन्हाळ्यात का जमू नये?

शेवटी चार सूचना करतो आणि आपली रजा घेतो. पहिली आमच्या हॉटेलवाल्या बंधूंना. कशेडीला आता बोगदा झाला, रस्ता रुंद झाला, वाहने भरधाव निघून जाऊ लागली. माणूस गाडी थांबवील तर तो दुसरीकडे न मिळणाऱ्या गोष्टीसाठी. मग पाटीवर डोसा आणि नूडल्स तेवढे का? तांदळाची भाकरी, कडव्या वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, गरम घावन आणि सोलकढी हे आपले पदार्थ कोठे आहेत? रायगड पाहायला आलेल्या माणसाला महाडची चव मिळाल्याशिवाय जाऊ देऊ नका. दुसरी, पिण्याच्या पाण्याचा स्वच्छ पेला प्रत्येक दुकानात, न मागता, फुकट आणि सर्वांना. बाटली विकायची ती खुशाल विका. पण महाडात तरी पाणी विकत घ्यावे लागले असे कोणी म्हणता कामा नये. तिसरी, हॉटेलातल्या कामगाराला आठवड्याची एक सुटी, ठरलेले तास आणि बसून जेवायला अर्धा तास. चौथी आपल्या सर्वांना. परप्रांतीचा पोरगा शेजारच्या बाकावर बसला असेल तर सरकून जागा द्या, आणि त्याला विचारा की, तुमच्याकडे सकाळी काय खातात?

उत्तर ऐकण्यासारखे असेल. एखाद्या दिवशी तो करूनही घालील.